चौथी हाक

१

माझ्या खोलीत मी रोज सकाळी तेच करते. पडदा ओढते, रेडिएटरवर हात ठेवून तो तापलाय का बघते, गालिचावर पेटी उघडते. पेटीत साबणाच्या फुग्यांची बाटली, एक बाहुली, मातीचा केक, चार मेणबत्त्या आणि चाकं फिरणारी गाडी. एका भिंतीवर मोठा आरसा आहे. माझ्या बाजूनं आरसा, पलीकडच्या चिंचोळ्या खोलीतून बघितलं तर साधी काच. तिथे आईबाप बसतात आणि रुमियाना कॅमेरे सांभाळते. मूल आरशाकडे तोंड करून खेळायला लागलं की मी त्याच्या पाठीमागे चार पावलांवर बसते आणि त्याला नावानं हाक मारते.

एक हाक. मग दोन श्वास थांबायचं. दुसरी हाक. पुन्हा दोन श्वास. असं चारपर्यंत जायचं. पाचवी मारायची नाही. परदेशी पुस्तकांत वेगवेगळे आकडे आहेत. चार हा माझा. चारच्या पुढे हाक ही हाक राहत नाही, भीक होते, आणि भीक मागणाऱ्या बाईनं दुसऱ्याच्या लेकरांची तपासणी करू नये.

मूल वळलं तर शून्य लिहायचं, नाही वळलं तर दोन. शून्य म्हणजे काळजी नाही. माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून आया त्या शून्यासाठी नवस बोलतात.

अकराशेच्या वर मुलांना मी अशी हाक मारली आहे. स्वमग्न मूल ओळखायला मला कुणी शिकवलं नाही. मी शर्टांच्या कारखान्यात काज-बटण करत होते. आधी रशियन शिकले, मग एका फाटक्या शब्दकोशावर इंग्रजी, आणि चाळिसाव्या वर्षी सोफियाला जाऊन विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा दिली. वर्गातली पोरं मला आजी म्हणायची. परीक्षेत आजीच्या वहीत डोकावायची. आज मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे आणि दुनाव नदीच्या या काठावर, जिथून निम्मं गाव जर्मनी-इटलीला पळालंय, तिथे स्वमग्नतेचा निदान-अहवाल लिहिणारी मी एकटीच. हे मी फुशारकीनंच सांगतेय. मिळवलेली गोष्ट आहे.

का मिळवली, तेही सांगते. मला एक मुलगी होती. सासूचं नाव पहिल्या मुलीला, या आमच्याकडच्या रीतीप्रमाणे तिचं नाव नेदा. १९७८ साली, ती चार वर्षांची असताना, तीन पांढऱ्या डगल्यांनी एका टेबलामागून तिला हाक मारली. एकदाच. ती वळली नाही. त्यांनी ‘शिकवण्यायोग्य नाही’ असं लिहिलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. सही कर म्हटलं की सही करायची, अशी आमची पिढी. मी केली. डोंगरातल्या एका आश्रमात तिला नेलं. तीन वर्षांनी पत्र आलं: न्यूमोनिया, दफन झालेलं आहे. मी गेले तर त्यांनी मला एका उतारावरच्या लाकडी खुंट्या दाखवल्या. खुंट्यांवर आकडे होते. त्यातला माझा कुठला, ते तिथल्या कुणालाही सांगता आलं नाही.

म्हणून त्या खोलीत मी ‘नेदा’ हे नाव कधी उच्चारलं नव्हतं. अठ्ठावीस वर्षांत तीन नेदा आल्या. तिघींनाही मी माझ्या जुन्या सहकाऱ्याकडे दिलं. आता तो निवृत्त होऊन मधमाश्या पाळतो.

२

“दोन्काताई, आजचं नाव बघितलंत?” रुमियानानं दारातून विचारलं. ती वाचाउपचार करते, पंचेचाळिशीची आहे, आणि माझी गोष्ट माहीत असलेली या इमारतीतली एकटी.

“बघितलं.”

“पुढं ढकलू का? तुमचे गुडघे दुखतायत असं त्यांना सांगते.”

“गुडघे रोज दुखतात. सहा महिने थांबलीये ती बाई. आत पाठव.”

आईचं नाव इवेलिना. तिशीची, तेलाच्या गिरणीत कामाला. नवरा जर्मनीत ट्रक चालवतो. मुलगी चार वर्षांची, जाड पिवळी वेणी, मनगटावर मार्चमध्ये आमच्याकडे सगळे बांधतात तो लाल-पांढरा दोरा. तो दोरा ती दातानं ओढत होती. टोचत असणार. माझ्याकडे बघितलं नाही, बाहुलीकडे बघितलं नाही. गाडी उचलून नाकाशी धरली, हुंगली, खाली ठेवली. तिच्या हातात तिची स्वतःची प्लास्टिकची बाटली होती, सूर्यफुलाच्या बिया भरलेली. ती बाटली आडवी-उभी करून ती बियांचा आवाज ऐकत होती आणि सोबत गुणगुणत होती. एकच सूर, खालचा, घरातला फ्रिज चालू असावा तसा. मला ती फार आवडली. आवडलेल्या मुलांबद्दल मी कुणाला सांगत नाही, इथे सांगते.

इवेलिना पलीकडच्या खोलीत गेली. मुलगी आरशाकडे तोंड करून बसली. मी तिच्या मागे बसले.

खाकरले. मग म्हटलं, “नेदा.”

शेहेचाळीस वर्षांनी ते नाव तोंडात आलं आणि तोंडाला ओळखीचं वाटलं. बिया इकडून तिकडे सरकल्या. मुलगी वळली नाही. दोन श्वास. “नेदा.” नाही. “नेदा.” नाही. चौथी हाक मारताना माझा आवाज तपासणीचा राहिला नव्हता, हे मी कबूल करते.

मुलगी वळली नाही. पण पलीकडून खुर्ची करकरल्याचा आवाज आला, कुणीतरी चटकन मागे वळून बघावं तसा.

“मध्येच हलायचं नाही, हे आईला सांगितलं नव्हतंस?” नंतर मी रुमियानाला विचारलं.

“त्या तर भिंतीला टेकून उभ्या होत्या. मीही उभीच होते.”

“मग खुर्ची?”

“खुर्च्या सोमवारपासून सभागृहात आहेत, ताई. निवडणुकीला नेल्या.”

संध्याकाळी गुण द्यायला आम्ही दोघी चित्रण बघत बसलो. एक कॅमेरा माझ्या मागे, वरच्या कोपऱ्यात असतो. त्यात मुलीची पाठ दिसते आणि आरशात तिचा चेहरा. पहिली हाक: पाठ स्थिर, आरशात चेहरा खाली, बाटलीकडे. दुसरी, तिसरी, तशीच. चौथ्या हाकेला पाठ स्थिर. वेणी जराही हलली नाही. पण आरशात चेहरा नव्हता. आरशात डोक्याची मागची बाजू होती. केस बारीक कापलेले, उवांसाठी कापतात तसे. क्षणभरच. मग पुन्हा चेहरा, बाटलीकडे बघणारा.

रुमियानानं ते तीनदा मागे नेलं. मग खिशातून बियांची पुडी काढली आणि फोडून खायला लागली. ती घाबरली की खाते.

“कॅमेरा जुना आहे,” ती म्हणाली. “आधीचं चित्र नंतरच्यात मिसळतं कधी कधी.”

“आधी कुठलं कापलेल्या केसांचं मूल आलं होतं?”

“मग अहवालात काय लिहू? आरशानं मान वळवली?”

“दोन लिही,” मी म्हटलं. “मुलगी वळली नाही. दोन.”

३

आमची तपासणी तीन भेटींची असते, आठवड्यानं एक. दुसऱ्या मंगळवारी इवेलिना जिना चढताना हसत होती. तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेला गरम बानित्सा होता, चीज भरून भाजलेला.

“डॉक्टरबाई, तुमच्यासाठी. सासूबाईंनी पहाटे उठून केला.”

“मी डॉक्टर नाही आणि भेटी घेत नाही. झालं काय?”

“ती वळते,” ती म्हणाली. “हाक मारली की वळते. त्या दिवशी घरी गेल्यापासून. माझ्या डोळ्यांत बघते. सासूबाई म्हणतात, माझं नाव जागं झालं. चार वर्षं मी भिंतीशी बोलत होते, बाई. तुम्ही काय केलंत?”

मी मुलीकडे बघितलं. दोरा मनगटावर नीट होता, गाठ न ओढलेली. हातात बाटली नव्हती. ती माझ्याकडेच बघत होती.

“पहिल्याच हाकेला वळते?”

इवेलिनानं विचार केला. “नाही. पहिल्याला नाही. थोडा वेळ घेते.”

“कितव्या?”

“चौथ्या,” ती म्हणाली. “आता तुम्ही विचारताय म्हणून. नेहमी चौथ्याच. मधे जरा थांबावं लागतं.”

त्या बाईला चार हाकांचा नियम मी कधी सांगितलेला नव्हता.

त्या दिवशी मी पेटीतली प्रत्येक गोष्ट केली. फुगे उडवले, मुलीनं फुग्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत फुग्याकडे. मी नुसत्या नजरेनं कपाटाकडे खूण केली. तिची नजर तिकडे गेली. बाहुलीचा वाढदिवस केला. तिनं मेणबत्त्या लावल्या, बाहुलीला केक भरवला, तिचं तोंड पुसलं, आणि मग, जसं माझ्या तक्त्यात लिहिलेलं आहे तसं, तो आनंद वाटून घ्यायला मान वर करून माझ्याकडे हसली. शून्य. शून्य. शून्य. पानभर शून्यं.

हे वाचणाऱ्या आयांना मी एक गोष्ट सांगते, ती नीट ऐका. धडधाकट मूलही चुकतं. त्याला कंटाळा येतो, शू येते, फुग्यापेक्षा माझ्या कानातलं जास्त आवडतं. अकराशेत एकही मूल सगळं बरोबर करणारं मी बघितलेलं नाही. सगळं बरोबर तोच करेल, ज्यानं ही परीक्षा आधी बघितली आहे. पुष्कळदा. काचेच्या पलीकडून.

शेवटी हाका मारायच्या होत्या. मारायलाच हव्या होत्या असं नाही. एकदा झाल्या होत्या. तरी मी तिच्या मागे जाऊन बसले. तीन हाका पाठ हलली नाही. चौथीला ती वळली, पूर्ण, खांद्यासकट, आणि माझ्याकडे असं बघितलं की मी सव्वीस-सत्तावीस वर्षांची झाले. स्वयंपाकघरात ओट्याशी उभी, पाठीमागे फरशीवर माझी पोर, आणि मी म्हणतेय, नेदा, इकडे बघ ना ग, एकदा बघ. त्या वेळी न मिळालेली नजर होती ती. माझ्या मापानं शिवलेली.

“बघितलंत?” पलीकडून दार उघडून इवेलिना म्हणाली. ती रडत होती. “तुमच्याकडे तर माझ्यापेक्षाही जास्त बघते.”

४

आता जे सांगते त्याची मला लाज वाटते, पण लाजेनं कुठली गोष्ट खरी व्हायची थांबत नाही.

रविवारी दुपारी इमारत बंद असते. माझ्याकडे किल्ली आहे. मी गेले. पेटी उघडली नाही. आरशापुढे चार पावलांवर बसले आणि रिकाम्या गालिचाकडे बघून हाक मारली. चौथ्या हाकेला पलीकडे काहीतरी वळलं. पाऊल नव्हे, कापड नव्हे. हवा वळावी तसं. मी म्हटलं, जुनी इमारत आहे, वाऱ्यानं दारं हलतात. परत चार हाका मारल्या. परत वळलं. संध्याकाळची उन्हं आरशावरून खाली उतरेपर्यंत मी तिथे बसून होते. सोमवारी सगळे गेल्यावर पुन्हा बसले.

मी मूर्ख बाई नाही. पाद्री, मंतरलेलं पाणी, शिसं ओतून भीती उतरवणाऱ्या म्हाताऱ्या, या सगळ्यांना मी आयुष्यभर दारातून परत पाठवलं आहे. त्या खोलीत बसूनही मी स्वतःला प्रश्न विचारत होते. म्हातारपण, एकटेपण, कानातली नस. एक प्रश्न मात्र मी विचारत नव्हते, आणि तो कुठला ते मला ठाऊक होतं.

तो सोमवारी आपोआप विचारला गेला. मी तिसरी हाक मारून थांबले होते. त्या दोन श्वासांच्या शांततेत पलीकडून गुणगुणणं ऐकू आलं. एकच सूर, खालचा. फ्रिज चालू असावा तसा.

मी उठले आणि त्या चिंचोळ्या खोलीचं दार उघडलं. पडदा, बंद केलेलं दोन पडद्यांचं यंत्र, रुमियानाची बियांची टरफलं. कुणी नाही. दार उघडताच सूर थांबला होता. दार लावून माझ्या खोलीत आले, गप्प बसले, तर पुन्हा सुरू झाला. ती इवेलिनाची मुलगी होती. तो सूर मी विसरणं शक्य नव्हतं.

मग तो प्रश्न. माझी नेदा चार वर्षं माझ्या घरात होती. मी तिला हजार वेळा हाक मारली असेल, लाडानं, रागानं, रडून, गुडघ्यांवर बसून. ती एकदाही वळली नाही. ती तिची मुळातली गोष्ट होती. तिचे डोळे निळे होते, तसं तिला वळणं नव्हतं. मग चौथ्या हाकेला जे वळतंय ते कोण?

माझी नेदा असती तर वळली नसती.

५

मंगळवारी सकाळी, तिसऱ्या भेटीआधी, मी इवेलिनाला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि तिला माझी मुलगी, समिती, खुंट्या, सगळं सांगितलं. रविवारही सांगितला. तिची पोर दोन बाकं पलीकडे हात मांडीवर ठेवून बसली होती आणि माझ्याकडे बघत होती.

इवेलिनानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “म्हणजे तुमची वळली नाही, म्हणून माझी वळायला नको?”

हे मला लागलं. लागावं म्हणूनच म्हटलं होतं.

“माझ्याकडे कागद मागायला आलीयेस ना?” मी म्हटलं. “देते. पानभर शून्यं आहेत. घेऊन घरी जा, चौकटीत लाव. त्याआधी एक सांग. ही गुणगुणते का अजून?”

“नाही.”

“बाटली कुठंय?”

“घरी. घेत नाही आता. चांगलंच आहे की. बसमध्ये लोक बघायचे.”

“आणि?”

“आणि काय?” तिनं मुलीकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. “आधी ती माझ्याकडे उलटी चालत यायची. पाठ करून. यायची, टेकायची आणि माझं मनगट ओढून नाकाशी धरायची. गिरणीतून आले की तेलाचा वास असतो ना, तो. तोंडाकडे कधी बघितलं नाही तिनं माझ्या. पण वास घेतल्याशिवाय झोपली नाही.”

“आता?”

“आता बघते. नीट बघते.” ती हातातल्या पिशवीचे बंद पिळत होती. “परवा मी मनगट पुढं केलं. तर तिनं हस्तांदोलन केलं, बाई. असं. मोठ्या माणसासारखं. मला एवढं… आणि झोपही येत नाही मला. तो सूर नाही ना घरात. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, देवानं दिलं ते डोळ्यांत खुपतंय होय तुझ्या.”

“तुला कुठली हवी?” मी विचारलं. “नीट विचार कर. ही सगळीकडे चालेल. शाळेत जाईल, पाहुण्यांना हात देईल. ती कदाचित कधीच वळणार नाही. तुला आई म्हणणार नाही. मी खोटं बोलणार नाही.”

तिनं फार वेळ घेतला. मी तिला घाई केली नाही. ही सही तिनं शुद्धीवर करायची होती.

“मनगट हुंगणारी,” ती म्हणाली. “माझी आहे ती.”

“नावानं बोलवू नकोस मग. तू तिला कशी बोलवायचीस?”

“बाटली वाजवायचे. आणि तिचाच सूर लावायचे. दुसरं काय, नावाला यायचीच नाही.”

“बस कितीची आहे? घरी जा आणि बाटली घेऊन ये.”

६

दुपारी एक वाजता आम्ही सुरुवात केली. इवेलिनाला बाटलीसकट काचेच्या पलीकडे बसवलं. रुमियानाला म्हटलं, कॅमेरे बंद कर. तिनं केले, का म्हणून विचारलं नाही, त्याबद्दल मी तिची ऋणी आहे.

मी मुलीला गालिचावर बसवलं आणि माझी खुर्ची फिरवून घेतली. अठ्ठावीस वर्षं मी मुलांच्या पाठीशी बसले; त्या दिवशी मुलाकडे पाठ करून दाराकडे तोंड करून बसले. ज्या हाकेला कुणी वळत नाही ती हाक हळूहळू बंद होते. हे मला शेकडो आयांनी सांगितलंय. एवढंच काय ते मला ठाऊक होतं, आणि त्याच्यावरच माझी सगळी मदार होती.

पलीकडे बिया वाजल्या. इवेलिनानं सूर लावला, बेसूर, थरथरता. मागे मुलगी उठून उभी राहिल्याचं मला कळलं. गालिचावर पाऊल वाजत नाही, तरी कळलं.

“आई,” ती म्हणाली.

ही मुलगी जन्मात बोललेली नव्हती. आणि माझी नेदाही कधी बोलली नव्हती, तेव्हा तिचा आवाज कसा होता ते मला माहीत असण्याचं कारण नाही. तरी तो तिचाच होता. मी रोज रात्री मनातल्या मनात तिला जो आवाज देत आले, नेमका तो. जरा घोगरा. माझ्या आईसारखा.

दोन श्वास. तेवढ्यात मी काय काय विचार केला सांगू? खुंट्यांवरचे आकडे. ती थंडीत कुणाला हाक मारत असेल का, हा. शिकली असेल हळूहळू, तिकडे, एकटीच, मला खूश करायला, हा.

“आई.”

माझे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर होते. माझा उजवा खांदा आपण होऊन निघाला होता. मी तो परत आणला.

“आई.”

हे अगदी जवळून होतं. मानेवरच्या केसांना ऊब लागली. पलीकडे इवेलिनाचा सूर तुटला, पुन्हा लागला. माझी मान दुखायला लागली, वळण्यापेक्षा न वळायला जास्त जोर लागतो. नुसतं बघायचं होतं. एकदा. त्या तीन डगल्यांनी एकदाच हाक मारली होती तिला, आणि मी चार-चार हाका मारत बसले होते जन्मभर, अकराशे परक्या लेकरांना, आणि आता ती मला मारतेय.

“आई,” चौथ्यांदा. ही हाक पहिल्या तिन्हींसारखी नव्हती. तिच्यात काही शिकलेलं नव्हतं.

मी वळले नाही.

दोन श्वास गेले. मग पलीकडचा सूर दोन आवाजांत झाला, मग पलीकडे एकच उरला, इवेलिनाचा, आणि दुसरा माझ्या मागे, खाली, जमिनीलगत येऊन बसला. फ्रिज चालू असावा तसा.

समोरचं दार उघडलं. इवेलिना आत आली आणि तिनं माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. तोंडातून सवयीनं निघालंच, “नेदा.” मागे काहीच हललं नाही. तिनं तोंडावर हात ठेवला. मग जमिनीवर बसून बाटली वाजवली. एक छोटी पाठ, जाड पिवळी वेणी, माझ्या शेजारून उलट्या पावलांनी गेली, इवेलिनाच्या गुडघ्याला टेकली, आणि तिनं न बघता आईचं मनगट ओढून नाकाशी धरलं. मग आपल्या मनगटावरचा दोरा ती दातानं ओढायला लागली.

नंतर रुमियाना माझ्यासाठी कॉफी घेऊन आली. तिच्या कपातली निम्मी बशीत सांडलेली होती.

“तुम्हाला काय दिसलं?” तिनं विचारलं.

“दार.”

“मला ती दिसत होती. तुमच्या मागे उभी. हात असा, तुमच्या खांद्यापासून वीतभर. पण मी तिकडे फार बघितलं नाही, ताई. मी काचेकडे बघत होते. आमच्या बाजूला काचेवर वाफ धरली होती. इथं, माझ्या मांडीच्या उंचीवर. येत होती, जात होती. कुणीतरी नाक लावून उभं असावं तशी. मग एकदम विरली.”

मी कॉफी प्यायले.

अहवाल मी त्याच संध्याकाळी लिहिला, पहिल्या भेटीच्या गुणांवर. मुलीला आता शाळेत सोबतीची बाई मिळते आणि मोठ्या आवाजात कानाला लावायला झाकणं. इवेलिना तिला महिन्यातून एकदा भेटीला आणते. मुलगी माझ्याकडे बघत नाही. माझं मनगट एकदा हुंगून बघितलं, आवडलं नाही. इवेलिना मला म्हणते, बाई, तुमच्यासारखी घट्ट मनाची बाई मी बघितली नाही, तुमच्या जागी मी असते तर वळले असते. मी मान हलवते आणि तिला चहा विचारते.

तिला मी एक सांगितलेलं नाही. चार हाकांवर थांबायचं, हे त्या खोलीत जे होतं ते माझ्याकडूनच शिकलं होतं, म्हणून ते थांबलं. पाचवी आली असती तर मी वळले असते.